प्रयोगाला दिलेला मुलगा

तुम्ही विचारलंत म्हणून. तुम्ही म्हणजे एकटे तुम्ही नव्हे. गेल्या सात वर्षांत हा प्रश्न चुलतसासूबाईंनी विचारला, स्टाफरूममध्ये डबा खाताना विचारला गेला, आणि गेल्या महिन्यात, मुलीचं निदान होऊन आठवडाही झाला नव्हता अशा एका बाईंनी फोनवर अगदी हळू आवाजात विचारला. "मॅडम, तुम्ही मुलाला प्रयोगाला कसं दिलंत हो?"

दिलंत! देवीला बोकड देतात तसं.

आधी सगळ्यांना देते ते उत्तर देते. औषध नवं नव्हतं. रक्ताचा कॅन्सर, ए.एल.एल., मुंबईतलं एक रुग्णालय, साल २०१८. पहिल्या टप्प्यात, म्हणजे इंडक्शनमध्ये, स्टेरॉइडच्या गोळ्या पाच आठवडे द्यायच्या की तीन, एवढंच त्या चाचणीत बघायचं होतं. पाच ही चालत आलेली पद्धत. पण या दिवसांत काही मुलं कॅन्सरनं नाही तर जंतुसंसर्गानं जातात. स्टेरॉइडनं प्रतिकारशक्ती दबते, मग ते लवकर थांबवलं तर असे मृत्यू कमी होतील का, असा प्रश्न होता. कोणाला तीन आणि कोणाला पाच हे कॉम्प्युटर ठरवणार. आमच्या वाट्याला पाच आले. म्हणजे मी सही केली नसती तरी त्याला हेच मिळालं असतं. प्रयोगाला दिलेल्या मुलाला जुनेच उपचार मिळाले.

एवढं ऐकलं की विचारणारे गप्प होतात. कोणी तरीही बोललंच तर मी फार्बर काढते. १९४७ साली बोस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध दिलं. ते तयार झालं होतं आपल्या आंध्रातल्या भीमावरमच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव या शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली. १९४८ साली १६ मुलांची माहिती छापून आली. १० जणांना उतार पडला होता, तोही काही काळापुरता. त्याआधी फार्बर यांनी फोलिक अ‍ॅसिडच्या जातीची औषधं देऊन पाहिली होती, तर आजार उलट वेगानं वाढला होता. त्याही मुलांना आया होत्याच ना? पुढे १९८४ च्या सुमारास आखलेला एमसीपी-८४१ हा ए.एल.एल.चा उपचारक्रम मुंबई, दिल्ली, चेन्नईच्या मुलांना दिला गेला. आज डॉक्टर ज्याला 'नेहमीचे उपचार' म्हणतात ते कोणाच्या तरी मुलांनी आधी सोसलेलं असतं. आमच्या अंगणातल्या सदाफुलीच्या जातीतून निघालेलं व्हिन्क्रिस्टिन हे कॅन्सरचं औषधसुद्धा.

हे मी तावातावानं सांगते. पण सही करताना यातलं मला काहीच माहीत नव्हतं. ते सगळं नंतर वाचलं, वॉर्डच्या बाकावर बसून, केलेल्या गोष्टीला आधार शोधायला.

माहितीपत्रक मराठीत होतं, पण ते कसलं मराठी! मिस्टर रक्तपेढीच्या रांगेत उभे होते, जाताना म्हणाले, "तू वाच, तुला कळतं." मी दहावीला गणित शिकवते. एका पानावर 'यादृच्छिक पद्धतीने' असं लिहिलं होतं. हा शब्द मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. नाणं उडवणं हा यादृच्छिक प्रयोग, पत्त्यांच्या कॅटमधून राजा निघणं ही घटना. तिथे मात्र तो शब्द मला तीनदा वाचावा लागला.

डॉक्टर तरुण होत्या, घाई करत नव्हत्या. केव्हाही बाहेर पडता येईल, नाही म्हणालात तरी उपचारात फरक पडणार नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मग त्या माझ्या मुलाकडे वळल्या. आठ वर्षांचा होता. सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी संमती घ्यायची असते, त्यापुढे लेखी, असा नियम आहे. तो डाव्या हातावरच्या सलाइनच्या चिकटपट्टीचं टोक नखानं सोडवत बसला होता. डॉक्टरांनी त्याला समजेल असं सांगितलं, चिठ्ठ्या टाकतात ना, तसं.

"नाही म्हटलं तर सुया बंद?" त्यानं विचारलं.

"नाही रे राजा. सुया तेवढ्याच."

"मग मला कशाला विचारता?"

त्या हसल्या. मीही हसले, सात दिवसांत पहिल्यांदा. तो हसला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "आई सांगेल ते."

डॉक्टरांनी लिहिलं: बालकाची तोंडी संमती घेतली. मी ते उलट्या बाजूनं वाचलं, त्यांच्या पेनाखालून. काही बोलले नाही. सही केली.

ती का केली, याचं खरं उत्तर संशोधन नाही आणि पुढच्या मुलांचं भलंही नाही. त्या आठवड्यात बोन मॅरोपासून रक्त कोणाचं घ्यायचं इथपर्यंत सगळं मी ठरवत होते. एक तरी गोष्ट दुसऱ्या कोणी ठरवावी असं वाटलं. चुकलं तर चिठ्ठी चुकली. हे मी मिस्टरांनाही कधी सांगितलेलं नाही.

आणि चिठ्ठी निघाली तेव्हा तीच मला पटली नाही! मनातून तीन हवे होते. रात्री दोनला उठून तो पिठलं-भाकरी मागायचा, मिळेपर्यंत रडायचा. गाल इतके सुजले की भेटायला आलेली वर्गातली पोरं दारातच थबकली. चौथ्या आठवड्यात ताप चढला, १०३, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा काउंट जेमतेम दोनशे. मध्यरात्री ड्यूटीवरच्या डॉक्टरांना मी म्हटलं, "तीन आठवडेवाल्यांच्या गोळ्या आता थांबल्या असतील. याच्याही बंद करा." माझा आवाज चढला होता. ते म्हणाले, बाहेर पडायचं तर पडा, पण मग नेहमीचे उपचार म्हणजे पाचच आठवडे.

शेजारच्या कॉटवर अकोल्याकडची एक मुलगी होती. ती तीनवाली. ताप तिलाही आला होता. माझा मुलगा बरा होत होता, तेव्हा ती गेली. तिच्या आईनं पिशव्या भरता भरता मला विचारलं, "माह्या पोरीले पाचवालं भेटलं असतं तं वाचली असती का वो ताई?"

मी गणिताची बाई. दोन मुलांवरून काही सिद्ध होत नाही, त्यासाठीच तर शेकडो मुलं घेतात, हे मला येतं. मी तिची पिशवी उचलून लिफ्टपर्यंत गेले. त्या चाचणीचा निकाल मी आजतागायत शोधलेला नाही. मोबाईलवर पाच मिनिटांचं काम आहे.

मुलगा यंदा दहावीला, माझ्याच वर्गात, तिसऱ्या बाकावर. संभाव्यता शिकवताना चिठ्ठ्यांचं उदाहरण मी गाळते. त्याला त्या दुपारचं काही आठवत नाही म्हणतो. खरं असेल, किंवा मला बरं वाटावं म्हणून असेल.

फोनवरच्या बाईंना मी फार्बर सांगितला नाही. मुलगी किती वर्षांची, विचारलं. नऊ, म्हणाल्या. मी म्हटलं, तिला विचारतील, तेव्हा ती काय म्हणते ते नीट ऐका.

"आणि ती नको म्हणाली तर?"

डॉक्टरांशी बोला, असं काहीतरी म्हणून मी फोन ठेवला.