तुम्ही विचारलंत म्हणून: लिहीत नसता तेव्हा कुठे असता?

गुन्हेकथा लिहिणाऱ्याला हा प्रश्न जरा आवाज खाली करून विचारतात. टेबल सोडलं की जाता कुठे? विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शवागार असतं, नाहीतर अंधारी गल्ली. शवागारात मी जात नाही. तिथं माझं काही काम नसतं आणि ज्यांचं असतं त्यांना माझी अडचण होते.

मी जातो कोर्टात. बहुतेक खटले खुल्या न्यायालयात चालतात, मागच्या बाकावर कुणीही जाऊन बसावं. निम्मा वेळ पुढची तारीख पडण्यातच जातो, तेवढी चिकाटी हवी. पण एखाद्या दिवशी उलटतपासणी ऐकायला मिळते. साक्षीदार वाक्य बोलतो, न्यायाधीश ते लघुलेखकाला सांगतात, टायपिंग होतं आणि तोवर साक्षीदार कठड्याला धरून नुसता उभा असतो. मला ऐकायचं असतं त्यापेक्षा हे उभं राहणं बघायचं असतं. एकजण त्या वेळात पुढचं उत्तर पुटपुटत होता, प्रश्न यायच्या आधीच! मग मुद्देमाल आला. लाखेचं सील, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी, आणि पाकिटातून निघाली भाजी चिरायची सुरी, मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेली. “हीच का?” “हीच.” इतकी घरगुती वस्तू कादंबरीत घालायचं धाडस आम्हाला सहसा होत नाही.

बाकी भटकंती वेळ आणि वजन तपासण्यासाठी. पुस्तकातले खुनी प्रेत खांद्यावर टाकून खुशाल जिना उतरतात. मी एका धडधाकट मित्राला सतरंजीवर आडवं केलं, अंग सैल सोड म्हटलं आणि ओढायला लागलो. फरशीवर जमलं. उंबरठ्याशी त्याची टाच अडकली, सतरंजी माझ्या हातात आली आणि ‘प्रेत’ हसत सुटलं. त्या कादंबरीतल्या खुन्याला साथीदार मिळाला तो असा. घड्याळ लावून खुन्याचा रस्ताही मी चालून बघतो, शक्यतो त्याच वेळी. रात्री कुत्री भुंकतात, हे खुर्चीत बसून आठवत नाही.

न्यायवैद्यकावरचं जाहीर व्याख्यान असलं तर चुकवत नाही. मृत्यूनंतरची ताठरता साधारण 2 ते 4 तासांत जबड्या-मानेपासून जाणवू लागते, 12 तासांच्या आसपास सगळ्या अंगात भरते, आणि उकाडा असला की सगळंच लवकर. म्हणून “खून 11 वाजून 10 मिनिटांनी झाला” असं प्रेताकडे बघून सांगणारा डॉक्टर दिसला की मी पुस्तक मिटतो.

सगळंच कामासाठी असतं असंही नाही. रहस्यकथा लिहिणाऱ्या ॲगाथा ख्रिस्तींना विषांची माहिती पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधविभागात काम करताना झाली, ती पुढे लिखाणात आली, ठीक. पण पुरातत्त्वज्ञ नवऱ्याबरोबर इराकमधल्या निमरूदला हस्तिदंती वस्तूंच्या खाचांतली माती त्या विणायची सुई आणि चेहऱ्याला लावायचं क्रीम घेऊन काढत, त्यात खून कुठला? शेरलॉक होम्स लिहिणारे कॉनन डॉयल तर क्रिकेट खेळायचे. 1900 साली त्यांनी इंग्लंडचे नामांकित फलंदाज डब्ल्यू. जी. ग्रेस यांची विकेट काढली, प्रथम श्रेणीतली त्यांची ती एकमेव विकेट. मी पक्षी बघायला जातो. मला ते फारसे ओळखता येत नाहीत आणि त्याचं काही वाटतही नाही.

एका ठिकाणी मात्र जात नाही. “आमच्या ओळखीत खरंच एक खून झालाय, घरच्यांशी गाठ घालून देतो,” असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. मी नको म्हणतो. कोर्टातही त्या घरची माणसं कधीकधी शेजारी येऊन बसतात. तेव्हा मी वही खिशात टाकतो, आणि त्यांनी विचारलंच, की तुमचं कुणाचं प्रकरण आहे, तर कुणाचंच नाही, मी लेखक आहे, असं सांगून टाकतो. बहुतेकजण मग उठून दुसऱ्या बाकावर जातात.