आमची वाटचाल : भिजलेल्या वहीनंतर

सांगलीत लोकांच्या वेबसाइट सांभाळणाऱ्या आमच्या फर्मचा सगळ्यात मौल्यवान दस्तऐवज म्हणजे एक दोनशे पानी वही होती. नवा सर्व्हर उभा करायचा तर कोणती कमांड आधी, कोणती नंतर, अपाचेच्या (साइट लोकांपर्यंत पोचवणारा प्रोग्राम) कुठल्या फाइलमध्ये कुठली ओळ घालायची, हे सगळं माझ्या भागीदाराच्या किरट्या अक्षरात त्यात होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली आणि मारुती चौकाजवळच्या आमच्या तळमजल्याच्या गाळ्यात पाणी शिरलं. संगणक आम्ही वेळेत वर नेले, वही खणातच राहिली. सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये कोरडा ठणठणीत, आणि तो उभा कसा केला ते सांगलीत पाण्याखाली, अशी गंमत.

धंदा २०११ चा. पतसंस्था, शाळा, हळदीचे व्यापारी अशी गिऱ्हाइकं. सुरुवातीला शेअर्ड होस्टिंग, म्हणजे अनेकांत वाटलेला भाड्याचा सर्व्हर, आणि फाइल चढवायला फाइलझिला. फाइल ओढायची, सोडायची, साइट उघडून बघायची. साइट वाढल्या तसा स्वतःचा व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा पण स्वतंत्र आभासी सर्व्हर, घेतला आणि सगळ्यांना एकाच मशीनवर कोंबलं. एकत्र कुटुंबात होतं तेच तिथं झालं. एका शाळेला पीएचपी (साइट लिहायची भाषा) ७ हवं होतं, तर पतसंस्थेचा जुना कोड डेटाबेसशी बोलणाऱ्या जुन्या मायएसक्यूएल फंक्शन्सवर चालणारा, आणि ती फंक्शन्स ७ मध्ये काढूनच टाकलेली. म्हणजे एकाचं भलं करायला गेलं की दुसऱ्याची साइट पांढरी. त्यात जुलै २०१८ मध्ये क्रोमनं एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) नसलेल्या साइटवर ‘नॉट सिक्युअर’ लिहायला सुरुवात केली आणि आठवडाभर फोन खाली ठेवता येईना. त्या सुरक्षित जोडणीसाठी लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची फुकट सर्टिफिकिटं बसवली. त्यांची मुदत ९० दिवसांची, आणि तारखा लिहायच्या कुठं? त्याच वहीत.

पूर ओसरल्यावर दोन महिन्यांनी ते मशीन बदलायची वेळ आली. वही नाही. तीन रात्री मी आणि भागीदार आठवून आठवून सर्व्हर बांधत होतो. चौथ्या दिवशी भागीदार म्हणाला, “आता परत वही नको. जे लिहायचं ते मशीनलाच वाचता येईल असं लिहू.”

प्रत्येक साइट तिच्या सगळ्या सामानासकट वेगळी चालवणारा डॉकर हा प्रोग्राम २०१३ पासून होता, आम्ही नुसतं नाव ऐकून होतो. डॉकरफाइल म्हणजे खरं तर तीच वही, फक्त मशीननं वाचायची : अमुक पीएचपी घे, अमुक एक्स्टेंशन बसव, कोड इथं ठेव. त्यातून इमेज, म्हणजे सगळं भरलेला साचा, तयार होते, आणि ती जिथं चालवाल तिथं तशीच चालते. चालू केलेली इमेज म्हणजे कंटेनर. आमच्या ऑफिसात त्याला डबाच म्हणतात. शाळेचा डबा वेगळा, पतसंस्थेचा वेगळा. पुढं दारवानासारखा एक एनजिनएक्स हा प्रोग्राम, कुणाची मागणी कुठल्या डब्यात न्यायची ते तो बघतो.

कागदावर झकास होतं. पहिल्याच महिन्यात पतसंस्थेच्या मॅनेजरांचा फोन आला. “अहो, ठेवीच्या पावतीवर सभासदाचं नाव कुठं गेलं? नुसती खोकी आलीत की!” पीडीएफमध्ये मराठी अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन. कारण कळायला दुपार गेली. आम्ही घेतलेली मूळ इमेज इतकी सडपातळ, की तिच्यात देवनागरी फाँटच नव्हता. जुन्या सर्व्हरवर कुणीतरी कधीतरी लोहित फाँट बसवलेला, आणि ते वहीतही लिहिलेलं नव्हतं! डॉकरफाइलमध्ये एक ओळ वाढवली. आता प्रत्येक नव्या इमेजमध्ये एक नमुना पावती छापून त्यात देवनागरी फाँट बसलाय का ते तपासतो. नसेल तर काम तिथंच थांबतं. त्याच आठवड्यात दुसरा झटका : डब्यातलं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ), म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. रात्री बाराची व्याज आकारणी पहाटे साडेपाचला व्हायला लागली.

शाळेचं प्रकरण जास्त लाजिरवाणं. स्नेहसंमेलनाचे फोटो बाईंनी साइटवर चढवले, ते कंटेनरच्या आतच साठले. मी नवी आवृत्ती टाकताना जुना कंटेनर काढून टाकला आणि फोटो त्याच्याबरोबर गेले. व्हॉल्यूम, म्हणजे डब्याबाहेरची कायमची साठवण, जोडायला विसरलो होतो, चूक सरळ माझी. बाईंच्या मोबाइलवर फोटो होते म्हणून निभावलं.

आता हाताने कुणी सर्व्हरवर जात नाही. ऑफिसातली मुलं कोड गिटलॅब या कोड साठवायच्या सेवेवर ढकलतात. तिथं इमेज बनते, चाचण्या होतात, इमेजला कमिटचा, म्हणजे कोडमधल्या त्या बदलाच्या नोंदीचा, क्रमांक लागतो. ‘लेटेस्ट’ हा टॅग (इमेजवरची चिठ्ठी) आमच्याकडे बंद, कारण बिघडल्यावर मागं जायचं तर कालचं लेटेस्ट कुठलं हे कुणालाच सांगता येत नाही. मग आमची छोटी स्क्रिप्ट नवा डबा जुन्याच्या शेजारी उभा करते, तो नीट उत्तर देतोय का बघते आणि मगच एनजिनएक्सला तिकडं वळवते. उत्तर नाही आलं तर जुना चालूच. नोव्हेंबर २०२० मध्ये तयार इमेज जिथून मिळतात त्या डॉकर हबनं बिनखात्याच्या डाउनलोडला सहा तासांत १०० ची मर्यादा घातली, तेव्हा ही सगळी साखळी अडकली. तेव्हापासून लागणाऱ्या इमेज स्वतःच्या रजिस्ट्रीत, म्हणजे इमेजच्या कोठारात, ठेवतो.

ढीगभर डबे अनेक मशीनवर सांभाळणारं कुबरनेटिस का नाही, असं नवीन आलेली मुलं विचारतात. चाळीस साइट आणि पाच माणसांसाठी? बैलगाडीला क्रेन कशाला लावायची. डेटाबेसही मुद्दाम डब्याबाहेर ठेवलाय, रोज रात्री बॅकअप घेतो आणि महिन्यातून एकदा तो परत भरून बघतो.

एक हळदीचे व्यापारी मात्र अजून पीएचपी ५.६ वर आहेत. त्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं डिसेंबर २०१८ लाच संपलं. त्यांचा डबा आम्ही बाहेरच्यांना बंद करून ठेवलाय, फक्त त्यांच्या पेढीच्या आयपीवरूनच (इंटरनेटवरचा पत्ता) उघडतो. दर दिवाळीला विषय काढतो. “चालतंय नव्हं? मग कशाला हात लावताय?” असं म्हणून ते चहा मागवतात.