घरात महाभारत असताना ग्रीक देव कशाला?

हळदीकुंकवाला विचारलंत, पालकसभेला विचारलंत, मामेसासूबाईंनी तर सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला भर पंगतीत विचारलं, "घरात अख्खं रामायण-महाभारत असताना तुझ्या पोराच्या तोंडी झ्यूस नि पोसायडन कशाला गं?" मी दरवेळी काही न बोलता वाढत राहिले. आज लिहूनच टाकते.

आधी आपल्याच गोष्टी सांगितल्या होत्या. त्याच्या आजीनं सांगितल्या, मी सांगितल्या. पाचव्या वर्षी त्याला एकलव्य तोंडपाठ होता. मग शाळेत वाचन सुरू झालं, त्याची परवड सुरू झाली आणि आम्ही प्रत्येक गोष्टीला शेपूट जोडायला लागलो. एकलव्य बघ, गुरू नसताना शिकला, तुला तर शिकवणी लावलीय. ध्रुव बघ, एवढासा असून एका जागी बसला. हळूहळू तो गोष्ट सुरू झाली की उठून जायला लागला. दोष गोष्टींचा नव्हता, आमचा होता. हे आज म्हणते. तेव्हा मी पोरगं आळशी आहे असं म्हणत होते, चारचौघांत म्हणत होते.

त्याला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे अक्षरं ओळखून वाचायला-लिहायला जड जातं. हा शब्द तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तो घरात कसा राहतो ते माहीत नाही. ‘कि’ची वेलांटी आधी काढायची आणि नंतर म्हणायची, हे त्याला कधी पटलंच नाही. ‘घ’ आणि ‘ध’ एकमेकांत मिसळायचे, ‘भ’ आणि ‘म’ मिसळायचे. एकटा ‘र’ घ्या: कर्म, क्रम, राष्ट्र, सुऱ्या. चार ठिकाणी चार वेश. आपण हे कधी शिकलो तेही आठवत नाही. तो एकेका ओळीसाठी घामाघूम व्हायचा आणि शेवटच्या शब्दाला पोचेपर्यंत पहिला हरवलेला असायचा.

तो दहा वर्षांचा असताना माझ्या बहिणीनं त्याला रिक रायर्डन या अमेरिकन लेखकाचं ‘द लाइटनिंग थीफ’ दिलं, 2005 साली आलेलं. वाचणार कोण? रोज रात्री मीच वाचायचे, इंग्रजीतून बघून मराठीत सांगत. बारा वर्षांचा पर्सी जॅक्सन, शाळेमागून शाळा सुटलेला, आणि त्याला कळतं की आपला बाप समुद्राचा देव आहे. ऑलिंपस, म्हणजे ग्रीक देवांचं घर, न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या सहाशेव्या मजल्यावर आहे. खऱ्या इमारतीला 102 मजले. नजरेनं माणसांचा दगड करणारी मेड्युसा न्यू जर्सीत रस्त्याकडेला बागेतले पुतळे विकते. युद्धाचा देव मोटरसायकलवर फिरतो. ‘हाफ-ब्लड’ला मी ‘अर्धदेव’ म्हटलं, तर म्हणाला, "नको, हाफ-ब्लडच म्हण."

आणि मग ते पान आलं. या देवांच्या मुलांना छापलेली अक्षरं तरंगताना दिसतात, कारण त्यांचा मेंदू प्राचीन ग्रीकसाठी घडलेला असतो. त्यांची चुळबुळ म्हणजे रणांगणावर जीव वाचवणारी चपळाई. रायर्डन शाळेत शिक्षक होता. त्याच्या स्वतःच्या मुलाला डिस्लेक्सिया होता, आणि झोपताना त्या मुलाला सांगितलेल्या गोष्टीतून हे पुस्तक झालं, हे मला नंतर कळलं. त्या रात्री मला काहीच माहीत नव्हतं. वाचता वाचता माझाच आवाज गेला. पोरगं उठून बसलं आणि म्हणालं, "परत वाच." मी परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं.

तीन महिने तो ताठ चालला. वर्गात कुणी हसलं तर घरी येऊन रडत नव्हता. मीही येता-जाता म्हणायचे, "तुझा मेंदू वेगळ्या लिपीसाठी आहे रे." मला वाटायचं, एका पुस्तकानं जे दिलं ते आम्हाला पाच वर्षांत देता आलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत तो म्हणाला, "आई, मला ग्रीक आणून दे."

मी नाही म्हणायला हवं होतं. निदान आधी बसून बोलायला हवं होतं. मी उत्साहानं चोवीस ग्रीक अक्षरांचा तक्ता छापून आणला आणि त्याच्यासोबत होमरच्या ‘इलियड’चा पहिला शब्द, मोठ्या अक्षरांत. ‘मेनिन’. क्रोध. ते महाकाव्य त्या शब्दानंच सुरू होतं. मला वाटलं, पाच अक्षरं आहेत, जमेल त्याला. जेवणाच्या टेबलावर पणत्या सुकत ठेवल्या होत्या, त्या सरकवून तो बसला. आजी शेजारी वाती वळत होत्या.

तुम्ही तो शब्द कधी बघितला नसेल, म्हणून सांगते. दुसरं अक्षर इंग्रजी लहान एनसारखं दिसतं आणि म्हणायचं ‘ए’. तिसरं व्हीसारखं दिसतं आणि म्हणायचं ‘न’. पाचवं पुन्हा तेच. जिथं दिसणं आणि म्हणणं जुळत नाही, नेमक्या तिथंच माझा मुलगा रोज पडत होता. त्यानं तक्त्यावर बोट ठेवलं, शब्दावर बोट ठेवलं, परत तक्त्यावर. पाऊण तास. मी दोनदा म्हटलं, दमलास का. त्यानं मान हलवली. शेवटी बोट तिसऱ्या अक्षरावरच थांबलं.

"आई, मी तोपण नाहीये."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. शाळेतला मुलगा म्हणून जमत नव्हतं, ते त्यानं सोसलं होतं, कारण आपण दुसरे कुणीतरी आहोत असं त्याला वाटत होतं. त्या पाच अक्षरांनी तेही काढून घेतलं. आणि मी काय बोलले? "अरे, गोष्ट आहे ती नुसती." तीन महिने खरं म्हणून सांगितलेलं मी एका वाक्यात खोटं केलं. त्यानं पुस्तक उचललं आणि जिन्याखालच्या रद्दीत नेऊन ठेवलं. फेकलं नाही, नीट ठेवलं. आजींच्या हातातली वात तशीच राहिली होती.

म्हणजे तुमचंच खरं होतं का? त्या आठवड्यात मला तसंच वाटलं. परक्यांचे देव आणले आणि त्यांनीही पोराला दारात उभं केलं नाही. त्याआधीच्या मला मी खूप बोलले आहे. एका लेखकानं स्वतःच्या लेकरासाठी केलेली फुंकर तू औषध म्हणून का दिलीस? ती म्हणते, तो ताठ चालत होता, ते तू बघितलं नव्हतंस का? बघितलं होतं. या भांडणात मला अजून कुणालाच जिंकवता आलेलं नाही.

नवव्या दिवशी रात्री अंधारात त्यानं विचारलं, "ल्यूकचं पुढं काय होतं?" पर्सीचं नाही, ल्यूकचं. ल्यूक हा देवांचा दूत हर्मिस याचा मुलगा, बापानं कधी विचारपूस केली नाही म्हणून देवांवर उलटलेला. पुस्तकात देवांच्या मुलांची एक छावणी आहे, तिथं अकरा नंबरची केबिन असते. ज्या मुलांना कुठल्याच देवानं आपलं म्हटलेलं नाही, ती तिथं जमिनीवर दाटीवाटीनं झोपतात. माझ्या मुलानं बहुधा तिथंच स्वतःची पथारी टाकली. आम्ही त्या मालिकेचे पाचही भाग संपवले. 2009 सालच्या शेवटच्या भागात देव पर्सीला अमर करायला निघतात. तो नको म्हणतो आणि मागतो काय, तर तुमच्या मुलांना तेराव्या वर्षापर्यंत ओळख द्या. ते ऐकून माझा मुलगा भिंतीकडे तोंड करून बराच वेळ पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी आजींना म्हणाला, "कुंतीनं कर्णाला आधीच का नाही सांगितलं?" आजी म्हणाल्या, "असं विचारू नये." तो म्हणाला, "पर्सीनं विचारलं." आजी उठून देवघरात गेल्या. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि मी मधे पडले नाही.

सगळं पुस्तक मला पटतं असंही समजू नका. देव अमेरिकेत का, तर पाश्चात्त्य संस्कृतीचं केंद्र जिथं सरकतं तिथं ते जातात, असं त्यात आहे. त्या रात्री मी ती पानं गाळली. उरलेल्या जगाचं काय, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. "आता आपलं महाभारत घेऊन तसंच पुस्तक आलंय" असंही तुम्ही सांगता. रोशनी चोक्शीचं 2018 सालचं ‘आरू शाह’ मी आणलं. दोन प्रकरणं ऐकून त्यानं ठेवून दिलं. मी कारण विचारलं नाही. शेपूट जोडायची सवय माझ्या जिभेला अजून आहे.

तो आता पंधरा वर्षांचा आहे. वाचन अजून जड जातं, परीक्षेला जादा वेळ मिळतो. गेल्या महिन्यात रद्दी देताना मला तो तक्ता सापडला, घडी घातलेला. खाली पेन्सिलनं पाच अक्षरं काढलेली होती, तिसरं उलटं. कधी काढली असतील कोण जाणे. मी तक्ता रद्दीतून काढून घेतला. त्याला अजून दाखवलेला नाही.