जेम्स रूसची तीस एकर जमीन

ऑस्ट्रेलियातील ब्रिटिश वसाहतीच्या पहिल्या वर्षांविषयी वाचताना मी गव्हर्नर आणि लष्करी अधिकारी यांच्यापेक्षा जेम्स रूस या शेतकऱ्यापाशीच पुन्हा पुन्हा येऊन थांबतो. इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात शेतीकामात वाढलेल्या रूसला 1782 मध्ये घरफोडी करून दोन घड्याळे चोरल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे सात वर्षांच्या हद्दपारीवर आली आणि 1788 च्या जानेवारीत कैद्यांच्या पहिल्या ताफ्याबरोबर तो सिडनीच्या किनाऱ्यावर उतरला.

वसाहतीची तेव्हा उपासमार होत होती. सरकारी शेतातील पिके बुडाली होती, नांगर नव्हते आणि शेती जाणणारी माणसे मोजकीच होती. शिक्षेची मुदत संपल्यावर रूसने जमीन मागितली. एका कुटुंबाला स्वतःच्या पायावर उभे राहण्यास किती काळ लागतो, हे गव्हर्नर आर्थर फिलिपला पाहायचेच होते, म्हणून त्याने 1789 च्या नोव्हेंबरमध्ये परामाटाजवळ त्याला जमीन कसायला दिली. ही भूमी ओसाड नव्हती, ती तेथील मूळ रहिवासी असलेल्या बुरामट्टागल लोकांची होती आणि त्यांना कोणी विचारले नव्हते, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

रूसने ती जमीन कशी तयार केली, हे वॉटकिन टेंच या अधिकाऱ्याने त्याच्याच शब्दांत टिपून ठेवले आहे. तोडलेली झाडे जाळून त्याने राख मातीत मिसळली, मग जमीन कुदळीने खणली. पण दिवसाला आठ-नऊ चौरस रॉड, म्हणजे आपल्या मापाने जेमतेम दोन-सव्वादोन गुंठे, त्याहून जास्त नाही. सरकारी शेतासारखे नुसते वरवर खरवडायचे नाही, असा त्याचा कटाक्ष होता. त्याने ढेकळे फोडली, गवत व तण मातीतच गाडले, जमीन ऊन-वाऱ्यात तापू दिली आणि पेरणीच्या तोंडावर ती पुन्हा उलथली. शेणखतासाठी गुरे नव्हती, म्हणून तो गव्हाचा पेंढा खड्ड्यात कुजवणार होता. हाती कुदळीखेरीज फारसे काही नसताना मातीशी इतक्या सबुरीने वागणाऱ्या या माणसाविषयी मला मनापासून आदर वाटतो.

1790 च्या सप्टेंबरमध्ये त्याने एलिझाबेथ पेरी या कैदी म्हणून आलेल्या स्त्रीशी लग्न केले. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत त्याने सरकारी शिधा बंद करून घेतला आणि नंतर तीस एकर त्याच्या नावे झाले. वसाहतीतील ते पहिले जमीनदान मानले जाते. परंतु 1793 मध्ये त्याने ती जमीन जॉन हॅरिस या सर्जनला चाळीस पौंडांना विकली आणि हॉक्सबरी नदीकाठी नव्याने सुरुवात केली. पुढे दैव फिरले. 1828 च्या जनगणनेत तो दुसऱ्याच्या शेतावर मुकादम म्हणून नोंदलेला आहे.

एलिझाबेथ 1836 मध्ये गेली आणि तो 5 सप्टेंबर 1837 रोजी, त्यांच्या लग्नाच्याच तारखेला. कॅम्पबेलटाऊन येथील आपल्या थडग्याचा दगड त्याने स्वतःच कोरला होता, असे सांगतात. त्यावरील अशुद्ध अक्षरांच्या ओळींत तो आधी आपल्याला मायेने वाढवणाऱ्या आईची आठवण काढतो आणि मग लिहितो की, या वसाहतीत आल्यावर पहिले धान्य मी पेरले.