विमानातला खालचा बर्थ

2019 मध्ये आई पहिल्यांदा ताईकडे मेलबर्नला गेली, तेव्हा विमानातून उतरताना तिच्या चपला पायात गेल्या नाहीत. दोन्ही विमानांत तिला मधली सीट मिळाली होती. शेजारच्याला उठवायला नको म्हणून ती रात्रभर जागची हलली नाही, आणि बाथरूमला जावं लागू नये म्हणून पाणीही प्यायली नाही. घोटे सुजून टम्म झाले. ताईने विमानतळावर स्वतःच्या सैल सपाता काढून तिला घातल्या. आई यातलं एक अक्षर मला बोलली नव्हती. ताईने सांगितलं, तेही वर्षभराने.

म्हणून गेल्या वर्षी ताईने नवं घर घेतलं आणि "वास्तुशांत तू आल्याशिवाय करणार नाही" असं आईला कळवलं, तेव्हा आईचा पहिला प्रश्न मला चांगलाच समजला. "किती तास बसावं लागतंय गं?" ती आता 71 वर्षांची आहे, दोन्ही गुडघे झिजलेत. त्या रात्री मी माझ्या माइल्सचा, म्हणजे ज्यांच्यावर विमानाचं तिकीट निघतं त्या पॉइंटांचा, हिशेब काढून बसले.

हे माइल्स विमानात बसून जमलेले नाहीत. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, हिशेब माझ्याकडे असतो. सुताचे काही व्यापारी, विमा, कारखान्याची किरकोळ खरेदी, मुलांच्या फिया असं जे जे क्रेडिट कार्डावर भरता येईल ते पाच वर्षं मी कार्डावर भरत आले. त्यावर मिळणारे पॉइंट विमान कंपनीकडे वळवले की त्यांचे माइल्स होतात. नियम दोनच पाळले. कार्ड वापरलं म्हणून कुणी वरून दोन टक्के मागितले, तर तिथे कार्ड काढायचं नाही. आणि बिल महिन्याच्या महिन्याला पुरतं फेडायचं, कारण एका महिन्याचं व्याज त्या महिन्याचे पॉइंट खाऊन टाकतं. 1981 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ही माइल्सची योजना काढली, तेव्हा जितके मैल उडाल तितके मैल खात्यात, असा सरळ मामला होता. आता माझ्यासारख्या कितीतरी जणी सोलापुरात बसून माइल्स जमवतात.

जमवणं सोपं असतं, खर्च कुठे करायचे यावर घरात चर्चा होते. आमच्याकडे ती जेवणाच्या ताटावर तीन दिवस चालली. नवऱ्याला जानेवारीत फ्रँकफर्टला हाइमटेक्स्टिल या घरगुती कापडाच्या प्रदर्शनाला जायचं होतं. 2025 मध्ये ते 14 ते 17 जानेवारीला होतं, म्हणजे ऐन संक्रांतीत. गड्ड्याची यात्रा, नंदीध्वज, सिद्धेश्वराचा अक्षता सोहळा, सगळं सोडून जायचं. "एवढं सोडून जायचं तर निदान झोपून तरी जातो," म्हणजे आडव्या होणाऱ्या सीटच्या बिझनेस क्लासने, असं तो म्हणाला, आणि त्याचं चुकलं नव्हतं. प्रदर्शनात दिवसभर उभं राहून बोलायचं असतं. मुलांना मे महिन्यात सिंगापूर हवं होतं, चौघांनी, इकॉनॉमीत. आणि तिसरी आई, जिने काहीच मागितलं नव्हतं.

मुलांचं मी आधी बाजूला ठेवलं. मुंबई-सिंगापूर पाच-साडेपाच तासांचा प्रवास, त्याची तिकिटं सवलतीत पैशाने मिळतात. जे पैशाने परवडतं त्यावर पाच वर्षांचा साठा कशाला संपवायचा? नवऱ्याचा निर्णय मात्र जड गेला. शेवटी तोच म्हणाला, "मी सिद्धेश्वर एक्सप्रेसच्या जनरलमध्येही झोपलोय. आईंना घेऊन जा." तो इकॉनॉमीने फ्रँकफर्टला गेला आणि आला. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतेय.

आता हिशेब. सगळीकडे एक सूत्र सांगतात: तिकिटाच्या रोख किमतीतून तुम्हाला भरावा लागणारा कर वजा करा, उरलेल्या रकमेला माइल्सने भागा, म्हणजे एका माइलला किती पैसे मिळाले ते कळतं. (तिकीट माइल्सवर काढलं तरी कर आणि विमानतळाची शुल्कं रोखच भरावी लागतात, हे बऱ्याच जणांना शेवटच्या पानावर कळतं.) या सूत्राने बिझनेस क्लास नेहमीच जिंकतो, आकडा फार देखणा येतो. पण मी एवढं रोख तिकीट आयुष्यात कधी काढलंच नसतं. जी वस्तू मी घेणारच नव्हते तिच्या किमतीवर माझा फायदा मोजणं मला पटत नाही. मी वेगळं विचारलं: आईचा हा त्रास टाळायला मी खिशातून खरोखर किती दिले असते? तो आकडा बराच लहान निघाला, पण तो माझा होता. आणि त्यावरही माइल्स वापरणं योग्य ठरत होतं.

मग पुढचा पेच. माझ्या साठ्यात जाण्या-येण्याचं बिझनेस दोघींना बसत नव्हतं. बिझनेसला इकॉनॉमीच्या साधारण दुप्पट माइल्स लागत होते. एक पर्याय होता: आई जाताना-येताना बिझनेसमध्ये आणि मी मागे इकॉनॉमीत. मला तो दोन दिवस फार आवडला होता. पण आईला सीटचं बटण दाखवणार कोण, रात्री उठताना हात देणार कोण? मागच्या केबिनमधून पुढे ये-जा करू देत नाहीत. एकटी पडली तर ती पुन्हा पाणी न पिता बसून राहिली असती. म्हणून ठरवलं, दोघी बिझनेसमध्ये, पण एकाच बाजूने. कोणत्या, हे वेळापत्रकाने ठरवलं. जाताना मुंबईहून रात्रीचं विमान आणि लगेच पुढचा लांबचा टप्पा. येताना दिवसाची विमानं घेता येत होती आणि मध्ये सिंगापूरला एक रात्र मुक्काम करता येत होता. पलंगाची गरज रात्री असते. येतानाची तिकिटं साधी काढली, कडेच्या सीटची.

आईला हे समजावताना मी खूप शब्द शोधत होते. आडवी होणारी सीट, वेगळी केबिन. ती शेंगा निवडत ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे विमानातला खालचा बर्थ की." तिथून पुढे आम्ही घरात दुसरा शब्द वापरला नाही.

बर्थ मिळवायला मात्र रेल्वेपेक्षा जास्त धीर लागतो. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर या माइल्सच्या योजनेत तेव्हा एकाच सीटचे दोन भाव होते. सेव्हर स्वस्त, पण सीट मोजक्या. अ‍ॅडव्हान्टेज महाग, पण मिळण्याची शक्यता जास्त. मी रोज रात्री भांडी आवरून झाली की तारखा बघायचे. मुंबई-सिंगापूर दोन सेव्हर सीट दिसायच्या, तर पुढचा मेलबर्नचा टप्पा अ‍ॅडव्हान्टेजमध्येच. दुसऱ्या दिवशी उलटं. आम्हाला वाचवलं ते ताईच्या शब्दाने, "तू येशील ती तारीख." मुहूर्त आधी धरला असता तर या भावात सीट मिळाल्याच नसत्या. तारीख सैल ठेवणाऱ्याचे माइल्स दुप्पट होतात असं मला वाटायला लागलंय. मार्चच्या पहिल्या आठवड्यातल्या एका बुधवारी दोन्ही टप्पे जुळले. गुरुजींनी नंतर त्याच्या पुढचा मुहूर्त काढून दिला.

तोवर कार्डाचे पॉइंट मी कार्डावरच ठेवले होते. हे फार महत्त्वाचं आहे. पॉइंट एकदा एअरलाइनकडे वळवले की परत येत नाहीत, आणि क्रिसफ्लायरमध्ये माइल्सचं आयुष्य तीन वर्षांचं. शिवाय एका कंपनीचे माइल्स दुसरीच्या खात्यात मिसळता येत नाहीत, दोघी स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या एकाच गटात असल्या तरी. माझे थोडे पॉइंट विस्ताराकडे होते. नोव्हेंबर 2024 मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि ते तिकडे गेले. अजून तिथेच आहेत, एकट्याने कुठेही न पुरणारे. सीट दिसल्यावर मी पॉइंट वळवले आणि ते पोहोचेपर्यंत जीव टांगणीला लागला. दुसऱ्या दिवशी पोहोचले, सीट तेव्हाही होत्या. आईचं नाव मी खात्यात आधीच नोंदवलं होतं, कारण आपल्या माइल्सवर नोंदवलेल्या पाच जणांनाच तिकीट काढता येतं.

सवलती मी पाहिल्या नाहीत असं नाही. क्रिसफ्लायर दर महिन्याला काही मार्गांवर 30 टक्क्यांपर्यंत कमी माइल्समध्ये तिकिटं देतं, पण ती बदलता येत नाहीत आणि रद्द केली तर माइल्स जातात. 71 वर्षांच्या माणसाची तब्येत त्या अटीत बसवणं मला नको वाटलं. साधं सेव्हर तिकीट शुल्क भरून रद्द करता येतं, माइल्स खात्यात परत येतात. बोली लावून इकॉनॉमीतून वर सरकण्याचाही मार्ग आहे, पण त्याचं उत्तर जायच्या तोंडावर येतं. आणि कोलंबोहून निघालं तर बिझनेसची तिकिटं स्वस्त पडतात म्हणून आधी कोलंबोला जायचं, हा उद्योग पंचविशीतल्या माणसाने जरूर करावा. आईला एक विमान आणि एक विमानतळ वाढवून मी काय वाचवणार होते?

निघालो ते सिद्धेश्वर एक्सप्रेसने. विमान दुसऱ्या दिवशी रात्रीचं, पण वंदे भारतने सकाळी निघून त्याच रात्री उडायचं म्हणजे आईला साडेसहा तास खुर्चीत बसवायचं, शिवाय गाडीला उशीर झाला तर तिकीट वेगळं, जबाबदारी आपली. आदल्या रात्री तिला खालच्या बर्थवर निजवलं, पहाटे कल्याणला उतरलो, डोंबिवलीत मामाकडे दिवसभर आराम केला. मामीने भरली वांगी केली होती. आईच्या पिशवीत नवी पेठेतून आणलेली शेंगाचटणी, कडक भाकरी आणि घरची चादर. चादर कशाला म्हणून मी विचारलं. "आपली असू दे."

मुंबईच्या टर्मिनल दोनवर व्हीलचेअर आधीच नोंदवली होती. ती फुकट मिळते आणि कोणत्याही वर्गाच्या तिकिटावर मिळते, तरी 2019 मध्ये आम्ही ती मागितली नव्हती. आईला लाज वाटत होती आणि मीही आग्रह धरला नाही.

सीट मी खिडकीच्या घेतल्या नव्हत्या. त्या केबिनमध्ये ओळीत एक-दोन-एक अशी रचना होती, खिडकीला बसलं की माणूस एकटाच. मधल्या दोन घेतल्या, पडदी खाली केली की हाताला हात लागतो. आई आधी काठावर बसली, एसटीत बसते तशी. एअर होस्टेसने खाली वाकून तिला नावाने हाक मारली, बटण दाखवलं, पाय ठेवायची जागा दाखवली. आईने बटण दाबलं आणि पाय वर आले तसं माझ्याकडे बघितलं. काही बोलली नाही. जैन जेवण सांगून ठेवलं होतं, ते तिने अर्धं खाल्लं, मग पिशवीतून चटणी काढली आणि उरलेलं संपवलं. दिवे मंद झाल्यावर कंपनीची जाड दुलई पायाशी सरकवली, आपली चादर अंगावर घेतली आणि कुशीवर वळली.

मी झोपले नाही. झोपायला हवं होतं, निम्मे माइल्स माझ्या सीटचे होते. पण मला तिचा श्वास ऐकायचा होता. बंगालच्या उपसागरावर कुठेतरी विमान थोडं हललं, तिची झोप मोडली नाही. बाबा गेल्यापासून तिला सलग चार तास झोपलेलं मी पाहिलं नव्हतं.

सिंगापूरला सकाळ झालेली. लाउंजमध्ये तिने गरम पाण्याने तोंड धुतलं, दोन कप चहा घेतला, पाणी प्यायली. पाणी प्यायली हे मला सगळ्यात आवडलं. मेलबर्नच्या विमानात पाठ सरळ पुढे पाडून खालून गादी काढायची पद्धत होती. दोन मुलींनी मिळून तिचं अंथरूण घातलं, तेव्हा ती त्यांना मदत करायला चादरीचं एक टोक धरून उभी राहिली. त्यांनी ते धरू दिलं.

उतरण्याआधी प्रवेशाचं कार्ड भरताना 'खाद्यपदार्थ' या रकान्यात मी 'होय' केलं. ऑस्ट्रेलियात खाण्याचं सामान लपवलं तर मोठा दंड होतो, जाहीर केलं तर ते तपासतात, फारतर काढून घेतात, पण दंड होत नाही. अधिकाऱ्याने चटणीचं पाकीट उलटसुलट बघितलं, काय आहे विचारलं. भाजलेले शेंगदाणे, तिखट, लसूण, मीठ असं सांगितलं. भाकरीचा एक तुकडा वाजवून बघितला आणि सगळं परत पिशवीत ठेवलं.

त्याच्या आधीचं सांगायचं राहिलं. विमान थांबलं, लोक उठले, व्हीलचेअर दाराशी यायची होती. मी वाकून आईच्या चपला सीटखालून काढल्या आणि तिच्यापुढे सरळ करून ठेवल्या. तिने आधी उजवा पाय घातला, मग डावा, आणि माझ्या खांद्यावर हात न ठेवता उभी राहिली.