टायगर मॉथ १/४८ : पावसानं रिगिंग सैल पाडलं

टायगर मॉथ या जुन्या, वर-खाली दोन पंखांच्या प्रशिक्षण विमानाचं प्लास्टिक मॉडेल बनवतोय आणि सध्या रिगिंग, म्हणजे पंखांमधल्या ताणाच्या तारा, चालू आहे. मागच्या अपडेटमध्ये वरचा पंख बसला होता, कॅबेनच्या (धडावर वरचा पंख पेलणाऱ्या खांबांच्या) तारा झाल्या होत्या, लँडिंग वायरही ताणून झाल्या होत्या. राहिल्या होत्या फक्त फ्लाइंग वायर. पाऊस सुरू झाला आणि त्याच लँडिंग वायर लोंबायला लागल्या. सीएचा (सुपरग्लूचा) एकही सांधा सुटलेला नाही, स्ट्रट (पंखांमधले खांब) जागच्या जागी आहेत, जिगवर (मापाच्या साच्यावर) ठेवलं तर डायहेड्रलही, म्हणजे पंखांचा टोकाकडे वर जाणारा कोनही, बरोबर. तरी तारांना झोळ.

दोष तारांसाठी वापरलेल्या तंगूसचा, म्हणजे गळाच्या नायलॉन दोऱ्याचा. नायलॉन हवेतली ओल शोषतं आणि लांबीला वाढतं. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत ताणलेली तार मुंबई-कोकणच्या जुलैत त्याच मापाची राहत नाही. वाढ अगदी किरकोळ असते, पण झोळाचं गणित फसवं आहे. या स्केलला लँडिंग वायरची लांबी साधारण ६५ मिलिमीटर धरा. त्यात फक्त ०.१ मिलिमीटर वाढ झाली, तरी मधोमध दीड मिलिमीटर झोळ पडतो. दीड मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावर ७ सेंटिमीटर! असं विमान कुठलाही इंजिनियर हँगरबाहेर काढू देणार नाही.

खऱ्या टायगर मॉथवर जमिनीवर पंखांचं वजन लँडिंग वायर पेलतात आणि हवेत लिफ्टचा ताण फ्लाइंग वायर घेतात. पण दोन्ही आधीच ताणलेल्या असतात, त्यामुळे उभ्या विमानावरही कुठली तार सैल दिसत नाही. उड्डाणापूर्वीच्या फेरीत तारांवर हात फिरतो तो यासाठीच. मॉडेलवर एक तार लोंबली तरी नजर तिथेच जाते, मग कॉकपिटमधले पट्टे कितीही सुबक असोत.

उदबत्तीचा सल्ला अपेक्षित आहे, म्हणून आधीच लिहितो. गरम टोक तारेजवळून फिरवलं की नायलॉन आक्रसतं आणि झोळ जातो, हे खरं. पण जुलैत फुगलेली तार आक्रसवून घेतली, की डिसेंबरात ती सुकून आणखी आखडते. तेव्हा ओढ बसते ती इंटरप्लेन स्ट्रटच्या खुंट्यांवर आणि वरच्या पंखाच्या टोकावर. टायगर मॉथच्या खालच्या पंखाचा डायहेड्रल वरच्यापेक्षा जास्त असतो, म्हणजे टोकाकडे दोन पंखांतलं अंतर कमी होत जातं. एका बाजूची तार जास्त ओढली की हे अंतर दोन्हीकडे वेगळं दिसतं आणि समोरून पाहिलं की विमान खांदा पाडून उभं असल्यासारखं वाटतं. ताणलेल्या स्प्रूला (किटच्या चौकटीचं प्लास्टिक तापवून ओढलेल्या तारेला) उदबत्ती ठीक, तंगूसला नको.

पहिला पर्याय फ्लोरोकार्बनचा. तो ओल जवळजवळ घेतच नाही. गळाच्या दुकानात ०.१० मिलिमीटरचं रीळ मिळतं, पण 'फ्लोरोकार्बन कोटेड' लिहिलेलं घेऊ नका. ते आतून नायलॉनच असतं आणि दुकानदार दोन्ही एकाच नावानं विकतात. चाचणी सोपी आहे. ३०० मिलिमीटरचा तुकडा नेमका कापा, रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी पट्टीवर सरळ धरून मोजा. नायलॉन असेल तर वाढ पट्टीवर सरळ दिसते. आणि फ्लोरोकार्बनजवळ उदबत्ती अजिबात नेऊ नका, जळताना विषारी वाफ निघते.

दोन तारांपुरतं फ्लोरोकार्बन लावून पाहिलं आणि तिथेच विचार बदलला. झोळ नाही, पण तार गोल. टायगर मॉथच्या ब्रेसिंग वायर गोल नसतात. त्या चपट्या, भिंगासारख्या छेदाच्या पोलादी पट्ट्या असतात आणि त्यांची धार वाऱ्याकडे असते. धार जराशी फिरली तरी तार हवेत थरथरते, ड्रॅग वाढतो. थ्रॉटल बंद करून ग्लाइडमध्ये आल्यावर वेगाबरोबर बदलणारी शिट्टी ऐकू येते, ती याच तारांची. धार पुढे असल्यानं समोरून त्या जवळजवळ दिसत नाहीत आणि बाजूनं पाहिलं की एकदम ठसठशीत दिसतात. ०.१२ मिलिमीटरचा गोल दोरा समोरूनही तेवढाच जाड दिसतो. खऱ्या विमानाच्या मापात ती जाडी जवळपास ६ मिलिमीटर झाली.

म्हणून आता सगळं ब्रेसिंग ईझी लाइनच्या बारीक दोऱ्यात. हा लवचीक दोरा जवळून पाहिला तर फितीसारखा चपटा आहे, आणि ओलीनं थोडाफार बदलला तरी ताण तो बदल गिळून टाकतो. बोट लागलं तरी परत जागेवर येतो. रंग करडा घ्या. चकचकीत चंदेरी नको, कारण आकाशाच्या पार्श्वभूमीवर तारा काळपटच दिसतात.

पद्धत अशी. पिन व्हाइसनं (हातानं फिरवायच्या बारीक ड्रिलनं) ०.३ मिलिमीटरचं भोक, खोली जेमतेम एक मिलिमीटर, आणि भोकाची दिशा तारेच्या दिशेत. सरळ उभं पाडलं तर दोरा तोंडाशी मोडल्यासारखा दिसतो. एक टोक पातळ सीएमध्ये टेकवून भोकात धरा, दोन-तीन सेकंदांत पकडतं. मग दोरा मोकळा लोंबू द्या म्हणजे पीळ उलगडतो. बाजूनं टॉर्चचा तिरका उजेड टाका. पीळ असेल तर चमक तुटक-तुटक दिसते, नसेल तर एकसंध रेघ. ६५ मिलिमीटरच्या अंतराला ५५ मिलिमीटर दोरा पुरे. यापेक्षा जास्त ताणला तर तो बारीक होतो आणि चपटेपणाही जातो. दुसरं टोक चिमट्यानं धरून, फितीची कड पुढे येईल असं फिरवून बसवा.

पावसात सीए लवकर पकडतो, पण त्याच्या वाफेचा बुरशीसारखा पांढरा थर रंगावर चढतो, पिवळ्यावर तर लगेच डोळ्यात भरतो. म्हणून बाटलीतून थेट थेंब सोडायचा नाही. सुईच्या टोकावर येईल तेवढाच घ्या आणि बाजूला छोटा पंखा चालू ठेवा.

टर्नबकलची (तार ताणायच्या मधल्या स्क्रूची) पाकिटं परत डब्यात गेली. इथे ती चुकीचीच ठरली असती. या तारांच्या टोकांना उलट-सुलट आटे असतात, ती टोकं फोर्कमध्ये जातात आणि तारच फिरवून ताण देतात. टोकाला ०.३ मिलिमीटर प्लास्टिक रॉडचा दीड मिलिमीटर तुकडा पुरतो.

आणखी एक फायदा कामाच्या मध्येच लक्षात आला. लवचीक दोऱ्याचा ताण इतका कमी आहे की कॅबेन स्ट्रटमध्ये पितळी तार घालून मजबुती देण्याचा बेत रद्द केला. किटचे स्ट्रट जसेच्या तसे राहतील, आणि ते पितळेपेक्षा आकारानंही बरोबर आहेत.

शेपटीकडच्या कंट्रोल केबल मात्र ईझी लाइनच्या नाहीत. त्या खऱ्या विमानावरही गोल केबलच आहेत, तेव्हा मल्टिस्ट्रँड वायरमधली एक तांब्याची तार, साधारण ०.०८ मिलिमीटर. काचेवर स्टीलच्या पट्टीखाली लाटली की सरळ होते. ओढत बसू नका, मापानं कापून दोन्ही टोकं पांढऱ्या गोंदानं चिकटवा. त्याआधी एलेव्हेटर (शेपटीची वर-खाली हलणारी फळी) कसा ठेवायचा ते ठरवावं लागतं. उभ्या विमानाची स्टिक बांधलेली नसेल तर एलेव्हेटर खाली लोंबतो आणि दोन्ही कॉकपिटमधल्या स्टिक पुढे झुकतात. एक पुढे आणि एक सरळ, असं होऊच शकत नाही.

एलेरॉनचंही (विमान एका बाजूला कलवणाऱ्या, पंखांच्या मागच्या कडेच्या फळ्यांचंही) तसंच. ते फक्त खालच्या पंखांना आहेत आणि त्यांची हालचाल डिफरन्शियल आहे. वर जाणारा चांगला वर जातो, खाली जाणारा मात्र फारसा खाली येत नाही, पूर्ण स्टिकला तर जवळजवळ मधेच परत येतो. स्टिक डावीकडे ठेवून दोन्ही एलेरॉन सारख्याच कोनात वाकवलेली मॉडेल स्पर्धेतही दिसतात. इथे स्टिक मध्ये, एलेरॉन सरळ.

रंगाची स्कीम तीच, वायुसेनेच्या विंटेज ताफ्यातलं पिवळं एचयू-५१२, २०१२ च्या वायुसेना दिनाला हिंडनवर उडालेलं. करड्या प्लास्टिकवर पिवळा हिरवट पडतो म्हणून खाली फिकट गुलाबी प्रायमर मारला होता, त्याचं चीज झालं. स्लॅट (वरच्या पंखाच्या पुढच्या कडेवरच्या पट्ट्या) प्रत्येक टायगर मॉथला नसतात, तेव्हा वरच्या पंखाची पुढची कड फोटो पाहूनच ठरवा. पायलटचा पुतळा बसवणार असाल तर तो मागच्या सीटवर. एकट्यानं उडवताना मागेच बसतात आणि पुढच्या रिकाम्या सीटचे पट्टे घट्ट बांधून ठेवतात.

आता जुनी तंगूस कापून भोकं ०.३ नं साफ करायची, मग आतून बाहेर या क्रमानं कॅबेन, लँडिंग, फ्लाइंग. तारा जिथे एकमेकींना छेदतात तिथल्या लाकडी ठोकळीसाठी टूथपिकचं टोक घासून पाहिलं, पण ते फार जाड वाटतंय. पांढऱ्या गोंदाचा थेंब दोनदा चढवून तपकिरी रंगवला तर चालेल का, हे उरलेल्या स्प्रूवर दोन दोरे ताणून आधी बघतो.