तिसऱ्या दिवशी दूध आले

१९ जुलै, रात्री

भाचीला माझ्याकडे येऊन आज अकरा दिवस झाले. एकोणिसाव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत बाळाची दोन्ही मूत्रपिंडे तयारच झालेली नाहीत आणि भोवतीचे पाणीही जवळजवळ संपले आहे असे कळले, आणि त्यानंतरच्या चार दिवसांत सगळे उरकले. गर्भपाताच्या संमतीपत्रावर एकट्या तिची सही पुरली, कारण सज्ञान स्त्रीसाठी कायदा नवऱ्याची किंवा सासऱ्यांची सही मागत नाही.

तिसऱ्या दिवशी तिला दूध आले. पाचव्या महिन्यात गर्भ गेला तरी शरीर बाळंतिणीसारखेच वागते, हे तिला कोणीही आधी सांगितलेले नव्हते. पहाटे ओल्या झालेल्या गाऊनकडे पाहत ती न्हाणीघरात उभी होती, आणि इतके दिवस न रडलेली ती मुलगी तेव्हा रडली. दूध बंद होण्याच्या गोळ्या असतात, त्या डॉक्टरांनी लगेच लिहून दिल्या. पण ते एक वाक्य आधीच कोणी सांगितले असते, तर त्या पहाटे ती निदान घाबरली तरी नसती.

भेटायला येणारी माणसे चांगली आहेत, तरी त्यांची वाक्ये मला सहन होत नाहीत. ‘अजून वय आहे’, ‘देवाने वेळीच दाखवले’, ‘कोणाला सांगू नका, नुसते पडले म्हणा’. या तिसऱ्या वाक्याने तिच्यावर शोकाबरोबर एक खोटे सांभाळण्याचे कामही येऊन पडते. तिने कार्यालयात पोटाच्या विकाराचे कारण देऊन सहा दिवसांचीच रजा टाकली होती. नोकरदार स्त्रीसाठी कायद्यात गर्भपातानंतर, तो आपोआप झालेला असो वा वैद्यकीय, सहा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद आहे, हे मी तिला काल सांगितले. जावई मात्र दुसऱ्याच दिवशी कामावर गेले. त्यांना कसे वाटते हे आमच्यापैकी कोणीही विचारले नाही, मीसुद्धा नाही. रविवारी ते आले की विचारायचे आहे.

रात्री झोप लागेनाशी झाली, तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक तिच्या उशाशी लिहून ठेवला आहे. तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत.

आज संध्याकाळी भाजी निवडताना तिने विचारले, ‘मामी, मला मध्येच सुटल्यासारखेही वाटते. मी वाईट आहे का?’

१९९८ साली तांबी असतानाही मला दिवस गेले होते. धाकटा जेमतेम दहा महिन्यांचा होता, म्हणून आम्ही दोघांनी ठरवून गर्भपात केला. सासूबाईंनी शेजारी ‘पिशवी साफ केली’ एवढेच सांगितले. मला त्या वेळी दुःख झाले नाही, मोकळे वाटले, आणि त्या मोकळे वाटण्याचीच पुढे कितीतरी वर्षे लाज वाटत राहिली, कारण अशा वेळी बाईने रडलेच पाहिजे असे मी धरून चालले होते. भाचीचे बाळ हवेहवेसे होते, माझी गोष्ट अगदी वेगळी होती. तरी तिच्या प्रश्नातला शब्द माझ्या ओळखीचा निघाला.

मी मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि तिला ते सगळे सांगितले. आजवर नवऱ्याखेरीज ते पूर्ण कोणालाही ठाऊक नव्हते. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग तिने विचारले, ‘तेव्हा तुझ्याजवळ कोण होते?’